ठेवणीतले कपडे

"ही म्हातारी दुसऱ्याच घरातली वाटते," आई माझ्या मोबाइलमध्ये डोकावत म्हणाली.

जुना फोटो होता: खारपेर्तचं, म्हणजे आजच्या पूर्व तुर्कस्तानातलं, आर्मेनियन कुटुंब, ऑटोमन साम्राज्याच्या काळातलं. मुलगा सुटात, डोक्यावर फेझ, म्हणजे गोंड्याची तुर्की टोपी. सून उंच लेसच्या कॉलरमध्ये, थेट युरोपातली वाटावी अशी. आणि मधोमध आजी: डोक्यावरून रुमाल, पायघोळ झगा, कमरेला रुंद चांदीचा पट्टा.

म्हटलं, एकच घर आहे गं. असे फोटो बऱ्याचदा अमेरिकेत कमवायला गेलेल्या मुलाला पाठवायचे.

"मग पट्टा त्याच्यासाठीच घातलाय," आई म्हणाली. मला हे सुचलंच नव्हतं, मी आपली फॅशन बघत होते.

१९१५ च्या नरसंहारात तिथली आर्मेनियन घरं उद्ध्वस्त झाली. बरेच फोटो वाचले, ते आधीच परदेशी पोचले होते म्हणून. पट्टे किती वाचले असतील?