तुम्ही विचारलंत म्हणून: कोळसा पुन्हा तयार होईल ना?

चंद्रपुरात एका शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवला. कोळशाचा धडा आला की कुणाचा तरी हात वर व्हायचाच. "मॅडम, कोळसा झाडांपासून बनतो, तर झाडं लावली की पुन्हा होईल ना?" आता पोरांचे आईबाप बाजारात भेटतात, तेही तेच विचारतात. जमिनीत एवढा पडलाय, संपला की बघू, आत्तापासून कशाला काळजी?

अशा वेळी मी कपाटातला एक दगड काढते. बाबा कोळसा खाणीत फिटर होते, त्यांनी आणलेला. करड्या रंगाचा, तळहाताएवढा, पापुद्र्यांचा. उन्हात तिरपा धरला की त्यावर एक पान उमटतं. मधली शीर ठळक, दोन्ही बाजूंना शिरांची बारीक जाळी, आकार जिभेसारखा. ग्लॉसोप्टेरिस नावाचं हे झाड. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा ज्या जंगलांचा झाला, त्यांतलं.

त्याला 25 कोटींहून जास्त वर्षं झाली. त्याआधी इथे बर्फ होता. मे महिन्यात डांबर वितळतं त्या आपल्या चंद्रपुरात! पैनगंगेकाठी इरई गावाजवळ चुनखडीवर हिमनदीने काढलेले ओरखडे सापडले आहेत. बर्फ वितळला, दलदली झाल्या, त्यांत जंगलं वाढली. झाडं पडली ती पाण्याखाली, हवा न लागता, म्हणून कुजून गेली नाहीत. जमीन खचत राहिली, वर गाळ चढत गेला आणि दाबाने, उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. नुसती झाडं लावून हे होत नाही. आज पडलेलं सागाचं पान वाळवी आणि बुरशी खातात, त्यातला बहुतेक कार्बन काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत हवेत परत जातो. कुठे दलदलीत झाडं गाडली गेलीच, तरी त्यांचा कोळसा व्हायला लाखो-कोटी वर्षं लागतील.

आणि आपण तो जाळतो किती वेगाने? विजेच्या एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो. वीजनिर्मितीचा 500 मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर आठ-नऊ हजार टन, म्हणजे दोन रेक, दोन अख्ख्या मालगाड्या भरून. रेल्वे फाटकावर उभं राहून वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मोजायची आम्हाला लहानपणी सवय होती. अठ्ठावन्न, एकोणसाठ. संचाच्या अर्ध्या दिवसाचं जेवण समोरून जायचं.

पण खरं सांगू, संपण्याची भीती मला दुसऱ्या नंबरची वाटते. देशात कोळसा अजून पुष्कळ आहे. तो संपायच्या आत जे होईल, त्याची धास्ती जास्त. फळ्यावर मी 12 अधिक 32 असं मांडायचे. 12 किलो कार्बन जळताना हवेतला 32 किलो ऑक्सिजन घेतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. त्या दलदलींनी लाखो वर्षं घालून जो कार्बन हवेतून उचलून गाडला, तो आपण दीड-दोनशे वर्षांत वर सोडतोय. चंद्रपूरचा उन्हाळा आपल्या वीज केंद्राच्या धुराड्यांनीच पेटवला असं मी म्हणणार नाही, इथला मे आधीही कडकच होता. पण सगळ्या पृथ्वीचा पारा चढतोय त्यात या रेकचा वाटा आहे.

जवळचं तर डोळ्यांनी दिसतं. आपल्या कोळशात राखच 30 ते 40 टक्के. काही सिमेंटला जाते, विटांना जाते, उरलेली राखेच्या तळ्यांत साठते आणि वाऱ्याने उडते. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाची क्रमवारी लावली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. मामाचं वावर कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून आहे. तिथली पऱ्हाटी दिवाळीत काळी दिसते. फुटलेल्या बोंडातला कापूस बोटांनी उकलला की आत पांढरा, वर काजळी. व्यापारी तो बाजूला काढतो आणि भाव पाडतो. मामीने एकदा वेचलेला कापूस चादरीवर पसरून हाताने झटकला. दोन दिवस झटकत होती.

आमच्या घरची चूल खाणीच्या पगारावर पेटली, माझं शिक्षण त्यावर झालं. म्हणून खाणीतल्या माणसांना मी कधी दोष देणार नाही. त्यांच्या पोरांना दुसरं काम मिळायच्या आत खाणी बंद करा असंही म्हणणार नाही. पण ते काम उभं करायला आजच लागलं पाहिजे, संपला की बघू असं म्हणून चालणार नाही.

गेल्या महिन्यात शेजारची सातवीतली मुलगी तो दगड हातात घेऊन बसली होती. शिरांवरून बोट फिरवत म्हणाली, "हे एकच पान कसं काय जळायचं राहिलं?" मी सांगितलं, हे कोळशाच्या थरात नव्हतं, वरच्या गाळात पडलं होतं. थरात असतं तर कधीच रेकमध्ये गेलं असतं.