आमची वाटचाल : मसाल्याचं पाकीट आणि पोस्टाचा काटा

आमचं गाव गडहिंग्लज तालुक्यात. संकेश्वरी मिरचीचा हा पट्टा, त्यामुळे कांदा-लसूण मसाला इथे घरोघरी होतो. तो विकायला आम्ही २०१८ मध्ये सुरुवात केली. मी, माझ्या जाऊबाई आणि उन्हाळ्यात मिरच्या निवडायला, कांडपाला येणाऱ्या शेजारच्या बायका. गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आपलीच माणसं. गावी आली की न्यायची. मग फोनवर मागू लागली.

खरा प्रश्न तिथे सुरू झाला. अर्धा किलो मसाला आम्ही २५० रुपयांना देत होतो. त्यावर पाठवणावळ शंभराच्या वर गेली तर माणूस एकदा मागवतो, पुन्हा मागवत नाही.

कुरियरचे दर आधी विचारले. तिथे नुसतं वजन बघत नाहीत, खोकंही मोजतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. २५ बाय २० बाय १० चं खोकं असेल तर हिशेब एक किलोचा, आत मसाला चारशे ग्रॅम का असेना. शिवाय आडगावचा पिनकोड सांगितला की ‘तिथे सेवा नाही’, नाहीतर वरचे पैसे.

मग पोस्टाचा तक्ता घेऊन बसलो. स्पीड पोस्टाचे दर टप्प्यांनी चढतात. तेव्हा २०० ते १००० किलोमीटरपर्यंत २०१ ते ५०० ग्रॅमला ६० रुपये आणि पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला ३० रुपये होते, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पाचशेच्या आत ७० रुपये ८० पैसे, आणि काटा जरा पुढे सरकला की १०६ रुपये २० पैसे. आमची पाव-पाव किलोची दोन पाकिटं वेष्टनासकट हमखास पाचशेच्या पुढे जायची.

जाऊबाई म्हणाल्या, “पाकीटच दोनशेचं करू या की.” धंद्यातला सगळ्यात मोलाचा निर्णय मी हाच मानते. दोनशे ग्रॅमची दोन पाकिटं, खोक्याऐवजी जाड प्लास्टिकची पिशवी, सगळं मिळून पाचशेच्या आत. मसाल्याला तेल सुटतं, म्हणून आतलं पाकीट दुहेरी सील करतो आणि पत्ता बाहेरच्या पिशवीवर लिहितो. आतल्या कागदावर लिहिलेला पत्ता तेलाने पुसट होतो. पाकिटं चपटी रचली की पिशवी फुगत नाही, शिवणीवर ताण येत नाही. (आकडे त्या काळचे आहेत, पाठवण्याआधी आजचा दर खिडकीवर विचारून घ्यावा.)

पोस्टाकडे वळण्याचं आणखी एक कारण होतं, माझ्या मनाला जास्त जवळचं. आमच्या भागातली बरीच मुलं सैन्यात आहेत. त्यांचा पत्ता म्हणजे नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). ना गाव, ना जिल्हा. अशा पत्त्यावर खासगी कुरियर जात नाही. तिथवर टपाल नेतं ते लष्कराचं पोस्टच. एका आईने मुलासाठी मसाला पाठवायला सांगितला, मिळाल्याचा फोन त्याने थेट आम्हाला केला आणि त्याच्या युनिटमधल्या मराठी मुलांच्या ऑर्डरी सुरू झाल्या. हे पार्सल सावकाश जातं, हे आम्ही आधीच सांगतो. मसाल्याला त्याने काही होत नाही.

माल पोचल्यावर पैसे ही पद्धत आम्ही बंद केली. पार्सल परत आलं की जाण्या-येण्याचा खर्च आमच्याच अंगावर पडायचा आणि हाताळलेलं पाकीट दुसऱ्याला देणं पटत नाही. आता पैसे आधी घेतो, बुकिंग झालं की पावतीचा फोटो पाठवतो. त्या पावतीवरच्या नंबराने पार्सल कुठवर आलंय ते गिऱ्हाईक स्वतः बघतं.

मोठ्या ऑर्डरीला मात्र पोस्ट परवडत नाही. लग्नघराला, खानावळीला पाच-दहा किलो लागतं, ते एसटीच्या पार्सलने जातं. स्टँडवर येऊन न्यावं लागतं, पण पुण्यातली खानावळवाली मंडळी त्याला तयार असतात. सध्या बोलणी चालली आहेत ती तिखट कमी असलेल्या शंभर ग्रॅमच्या पाकिटाची. दोन पाकिटं वेष्टनासकट कुठल्या टप्प्यात बसतात, ते जाऊबाई काट्यावर बघतायत.