आबांच्या टाचेतला खिळा

मागच्या महिन्यात आबा रंकाळ्यावरनं फिरून आले, सोफ्यावर बसले आणि आईनं बघितलं तर दारापासनं सोफ्यापर्यंत फरशीवर रक्ताचे ठिपके. चपलेची टाच सुटली म्हणून चारच दिवसांपूर्वी ठोकून आणलेली, त्यातला बारीक खिळा वर आला होता आणि सरळ टाचेत घुसला होता. आबा म्हणतात, "कुठं काय, मला तर काय जाणवलं नाही." एवढं चालून आलेला माणूस! मला त्या बोलण्याचीच जास्त भीती वाटली.

आबांना शुगर होऊन 14 वर्षं झाली. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, त्यामुळं आम्ही निवांत. पण सकाळी गुळाचा खडा असायचाच, "घरच्या गुळानं काय होत नाही" म्हणून. होतंय ओ, गूळ कोल्हापूरचा असला तरी शुगर वाढतेच. आणि दर वेळी नुसती उपाशीपोटीची शुगर बघायचो, तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी टेस्ट दीड वर्ष केलीच नव्हती. केली तर 9.1. बऱ्याच जणांना ती 7 च्या आत ठेवायला सांगतात, वयस्कर माणसाला डॉक्टर थोडी सूट देतात, पण 9 म्हणजे जास्तच.

डॉक्टरांनी आबांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक धागा तळपायाला टेकवत गेले, कळलं की हो म्हणा. अंगठा, गप्प. टाच, गप्प. घोट्याच्या वर गेल्यावर आबा म्हणाले "हां". तेवढ्या वेळात आईच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा खराब होतात, सगळ्यात लांबच्या आधी, म्हणून सुरुवात पायापासनं. त्यात रक्तपुरवठा कमी झाला की जखम भरत नाही, चिघळते, आणि मग कुणाचं बोट काढलं, कुणाचा पाय काढला असं आपण ऐकतो. दुखत नाही म्हणून बरं आहे असं अजिबात धरू नका.

आता रोज रात्री आई मोबाईलची बॅटरी लावून दोन्ही तळवे बघते, बोटांच्या बेचक्यासुद्धा. पाय धुतले की बेचक्या कोरड्या करायच्या, तेल लावलं तरी तिथं नाही. गरम पाणी आधी आई हातानं बघते, कारण आबांच्या पायाला चटका कळणारच नाही. चप्पल-बूट घालायच्या आधी आत हात फिरवायचा. घरातसुद्धा अनवाणी नाही. चैत्रात जोतिबाला अनवाणी जायची त्यांची सवय, त्यावरनं दोन दिवस अबोला होता, शेवटी बूट घालून जायचं आणि देवळात सॉक्स घालून, यावर मिटलं.

लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन परवा दिलंय, किडनीसाठी. बीपी पण आता घरीच मोजतोय. डोळ्याचा पडदा मात्र 14 वर्षांत एकदाही तपासला नव्हता, खरं तर वर्षातनं एकदा बघायला पाहिजे, कारण सुरुवातीला नजरेत काहीच फरक पडत नाही. शनिवारी नंबर लावलाय. डोळ्यात औषध घातलं की काही तास अंधुक दिसतं, म्हणून येताना गाडी मी चालवणार.