तुकडे, इस्त्री आणि अख्खा रविवार
क्विल्ट (तुकडे जोडून केलेली गोधडी) करायला उरलेले कॉटनचे तुकडे काढून बसले आणि मग जेवायची पण शुद्ध नाही राहिली... जुना निळा शर्ट, पिवळी ओढणी, उशीचा अभ्रा, सगळं जमिनीवर मांडायचं, लांबून बघायचं, परत बदलायचं, मला तर शिवण्यापेक्षा यातच जास्त मजा येते 😄 क्विल्टिंगला मार्जिन (शिवणीबाहेर सोडायची कड) पाव इंचच, पण सगळीकडे सारखं हवं, प्रत्येक जोडात केसभर फरक पडला तरी शेवटी कोपरे जुळत नाहीत. आणि दर शिवणीवर इस्त्री (कंटाळवाणं, पण टाळलं की दिसतंच). दोन पट्ट्यांच्या शिवणी विरुद्ध दिशांना दाबल्या की एकमेकींत अशा चपखल बसतात ना, बोटांनाच कळतं! मधला कापूस आणि अस्तर अजून बाकी आहे, टाके मात्र हातानेच घालणार, मशीनवर पटकन होईल माहितीये, पण घाई कुणाला आहे