आठ लाख बाट, पण कुणाच्या नावावर?

तिच्या नवऱ्याच्या पासबुकात आठ लाखांहून जास्त बाट, म्हणजे थायलंडचं चलन, होते आणि त्यातला एकही बाट तिच्या उपयोगाचा नव्हता. हे तिला समजावून सांगायचं काम त्या सकाळी माझ्याकडे आलं.

मी थायलंडमध्ये चियांग मायला व्हिसाची कागदपत्रं करून देणाऱ्या कार्यालयात काम करते. आमच्याकडे येणाऱ्यांत निवृत्त परदेशी लोकच जास्त. ही बाई ब्रिटिश, सत्तरी ओलांडलेली, पूर्वी नर्स होती. नवरा महिन्याभरापूर्वी हृदयविकाराने गेला होता. प्लॅस्टिकच्या पाकिटातून तिने एकेक कागद काढून माझ्यासमोर मांडला: दोघांचे पासपोर्ट, त्याचं पासबुक आणि थाई भाषेतला मृत्यूचा दाखला, त्यावर बौद्ध संवत्सराचं साल २५६७, म्हणजे आपलं २०२४. "दर वर्षी हे सगळं तोच बघायचा," ती म्हणाली. "मी फक्त सही करायचे."

पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला इथे निवृत्त म्हणून राहायचं तर दर वर्षी मुदतवाढ घ्यावी लागते आणि दर वर्षी पैसा दाखवावा लागतो. थाई बँकेत ८ लाख बाट, नाहीतर महिना ६५ हजार बाट उत्पन्न, नाहीतर दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख. जोडपं असेल तर एकाने पैसा दाखवला की दुसऱ्याला डिपेंडंट, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती, म्हणून राहता येतं, वेगळी रक्कम लागत नाही. सोय चांगली आहे, म्हणून बहुतेक जोडपी तेच करतात आणि पैसा बहुधा नवऱ्याच्या नावावर असतो. पण ज्याच्या आधारावर राहायचं तोच गेला की आधारही गेला. हिच्या पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदत संपायला अडीच महिने होते. त्यानंतर राहायचं तर स्वतःच्या नावाने निवृत्त म्हणून अर्ज करायचा आणि पैसा स्वतःच्या नावावर दाखवायचा.

"मग त्याच्या खात्यातले माझ्या खात्यात टाकते," ती म्हणाली. तिला एटीएमचा पिन माहीत होता. शेजारच्या कुणीतरी सल्लाही दिला होता की बँकेला कळायच्या आत रोज थोडे थोडे काढून घे. मी तिला स्पष्ट सांगितलं की त्या कार्डाला हात लावू नका. माणूस गेल्यानंतर खात्यातला पैसा त्याच्या वारसांचा होतो. कोर्टाने मालमत्तेचा व्यवस्थापक नेमल्याचा हुकूम दाखवल्याशिवाय बँक तो सोडत नाही. पहिल्या लग्नाचा एक मुलगा इंग्लंडमध्ये होता. त्याने उद्या स्टेटमेंट मागितलं आणि मृत्यूनंतरच्या तारखांना पैसे काढलेले दिसले, तर ही बाई चोरीच्या आरोपात अडकली असती. कोर्टाच्या कामाला काही महिने जातात आणि आमच्या हातात तेवढा वेळ नव्हता.

उत्पन्नाचा रस्ता पाहिला. तिची नर्सची पेन्शन आणि ब्रिटनची सरकारी पेन्शन मिळून महिन्याला हजार पौंडांच्या थोडं वर जात होती, आणि ६५ हजार बाटसाठी त्या वेळच्या भावाने साडेचौदाशे पौंड लागत होते. ब्रिटिश सरकारी पेन्शनची एक गोष्ट मला कायम बोचते. माणूस थायलंडला येऊन राहिला की त्याची पेन्शन तिथेच गोठते, ब्रिटनमध्ये दर वर्षी होणारी वाढ त्याला मिळत नाही. माणूस म्हातारा होत जातो, औषधं वाढतात आणि पेन्शन मात्र होती तेवढीच राहते. थोडी पेन्शन, थोडी ठेव असा मेळ घालायचा तर उत्पन्नाबद्दल दूतावासाचं पत्र लागतं, आणि ब्रिटिश दूतावासाने ती पत्रं देणं २०१९ पासून बंद केलंय.

राहिला एकच रस्ता. तिच्या एकटीच्या नावावर पूर्ण ८ लाख, तेही अर्जाच्या तारखेआधी सलग दोन महिने पडून असलेले. लोक रकमेची काळजी करतात, पण अधिकारी पासबुक उघडून आधी तारखा बघतो. अडीच महिन्यांतून दोन महिने गेले की उरतात दोन आठवडे. तेवढ्यात सुमारे १८ हजार पौंड इंग्लंडहून इथे पोचायला हवे होते.

"पैसे आहेत का?" मी विचारलं. इंग्लंडमध्ये दोघांचं संयुक्त खातं होतं आणि त्यात तेवढी बचत होती. मला हायसं वाटलं, कारण तिकडे संयुक्त खातं मागे राहिलेल्या जोडीदाराकडे जातं. इथल्या बँकेतही तिचं स्वतःचं एक छोटं खातं निघालं, भाजी आणि विजेच्या बिलापुरतं. ते आम्ही लगेच शाखेत जाऊन पाहून आलो. खातं चालू होतं आणि पासबुकावर तिचं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळत होतं. नवीन खातं उघडायचं म्हणजे राहण्याचा दाखला आणि शाखेच्या मर्जीचा प्रश्न, त्यात आठवडा सहज गेला असता.

इंग्लंडची बँक उघडते तेव्हा इथे दुपार उलटलेली असते. तोवर ती आमच्याकडेच बसून राहिली. फोन लागला, आणि पलीकडून सांगण्यात आलं की खात्यावर नोंदलेल्या मोबाइलवर कोड पाठवतोय. नोंदलेला नंबर नवऱ्याचा होता. तिने पर्समधून त्याचा फोन काढला. पूर्ण चार्ज केलेला होता. कोड आलाही. ती मला आकडे दाखवत होती, आणि मी मान हलवून नको म्हटलं. कोड सांगून टाकला असता तर त्या दिवशीचं काम झालं असतं, पण मृत माणसाच्या फोनवरून एवढी मोठी रक्कम परदेशी निघालेली पुढे उघडकीला आली असती तर बँकेने व्यवहार अडवला असता आणि आमचे दोन आठवडे त्यातच संपले असते. "खरं ते सांगा," मी म्हटलं.

तिने सांगितलं. माझा नवरा वारला, हा त्याचा फोन आहे. एवढं बोलताना तिचा आवाज दोनदा तुटला. पलीकडची मुलगी क्षणभर गप्प झाली आणि मग फार चांगली वागली. ओळखीचे प्रश्न विचारले, तिचा स्वतःचा नंबर नोंदवला, दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर मागितलं. ते आम्ही त्याच संध्याकाळी करायला दिलं.

पैसे आठवड्याच्या आत आले. साडेआठ लाख मागवायला मी मुद्दाम सांगितलं होतं. नेमके आठ लाख ठेवणाऱ्यांच्या खात्यातून एटीएम कार्डाची वार्षिक फी कापली जाते, शिल्लक आठ लाखांच्या खाली जाते आणि दोन महिन्यांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते. दोन-तीनशे बाटसाठी वर्षाची मुदतवाढ हुकलेली माणसं मी पाहिली आहेत.

अर्जाच्या सकाळी बँकेतून पत्र घेतलं आणि शंभर बाट भरून पासबुकात त्या दिवसाची ओळ छापून घेतली. विमानतळाजवळच्या इमिग्रेशनमध्ये अधिकाऱ्याने पासबुकाच्या ओळींवरून बोट फिरवत नेलं, पैसे आल्याच्या तारखेवर थांबवलं, कॅलेंडर पाहिलं. १,९०० बाट फी भरली आणि वर्षाचा शिक्का मिळाला. मी तिला तिथेच वहीत लिहून दिलं की पुढचे तीन महिने शिल्लक ८ लाखांच्या खाली नको, नंतर ४ लाखांच्या खाली नको, आणि पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा ८ लाख.

आता जोडपं आलं की मी दोघांनाही वेगळी खाती उघडायला लावते आणि थायलंडमधल्या मालमत्तेचं इथल्या वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्यायला सांगते. काहींना हे अशुभ वाटतं, चेहरे उतरतात. तरी मी सांगते.

बाई शिक्का बघत म्हणाली, "आता त्याच्या अस्थी घेऊन इंग्लंडला जाऊन येते." मी तिला बाहेर पडू दिलं नाही. री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत यायची आगाऊ परवानगी, न घेता देश सोडला की मुदतवाढ रद्द होते. एकदाच जायचं-यायचं असेल तर १,००० बाट लागतात. तिथल्याच दुसऱ्या काउंटरवर जाऊन आम्ही तेही करून घेतलं आणि मगच तिने तिकीट काढलं.