कोड खुला आहे, पण यंत्रात तोच आहे का?

मतदानयंत्राचा कोड गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवायच्या संकेतस्थळावर, टाकला की काम संपलं, असं समजणारे बरेच आहेत. खरी डोकेदुखी तिथून पुढे सुरू होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या अ‍ॅशलंड, न्यूइंग्टन आणि वुडस्टॉक या गावांनी ‘व्होटिंगवर्क्स’ या ना-नफा संस्थेचे ओपन-सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेले) स्कॅनर वापरून पाहिले. मतपत्रिका कागदाचीच, यंत्र फक्त मोजतं.

जाहीर केलेला कोड आणि गावात आलेल्या यंत्रातला कोड एकच कशावरून? बिल्ड, म्हणजे कोडपासून यंत्रात चालणारी फाइल बनवणं, कोणीही केलं तरी फाइल तंतोतंत तीच निघायला हवी, म्हणजे हॅश (फाइलवरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) जुळतो. कोडमध्ये वापरलेल्या तयार लायब्ररीची आवृत्ती पक्की केलेली नसली किंवा फाइलमध्ये बिल्डची वेळ शिरली, तरी तो बिघडतो. आणि यंत्राच्याच पडद्यावर दिसणाऱ्या हॅशवर विसंबू नका. छेडछाड केलेलं यंत्र हवा तो आकडा दाखवेल. डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर तपासा.

मग यंत्र नीट मोजतं का ते पाहायला चाचणीच्या मतपत्रिकांचा गठ्ठा. प्रत्येक उमेदवाराला सारखीच मतं दिलीत, तर दोघांची अदलाबदल झालेली कळणारच नाही. म्हणून एकाला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. कोऱ्या आणि जास्त खुणांच्या पत्रिकाही घाला, उलट्यासुलट्या चारही बाजूंनी सरकवा.

आणि घडी घातलेल्या हव्यातच! याच राज्यातल्या विंडहॅममध्ये २०२० साली टपाली मतपत्रिकांची घडी नेमकी एका उमेदवाराच्या गोलावरून गेली. तिथल्या जुन्या स्कॅनरनी ती रेघ खूण समजून वाचली. निवडायचे होते चार. ज्यांनी चौघांना मत दिलं होतं त्यांच्या खुणा पाच झाल्या आणि चारही मतं बाद. हाताने फेरमोजणी केली तेव्हा जिंकलेल्या चौघांची प्रत्येकी सुमारे ३०० मतं वाढली. कोड खुला असता तरी घडी पडलीच असती.

म्हणून शेवटी कागद. कोलोरॅडोत २०१७ पासून राज्यभर नमुना-तपासणी होते, म्हणजे काही कागदी पत्रिका काढून यंत्राचा निकाल पडताळतात. दहा बाजूंचे फासे टाकून बीजांक (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) ठरतो आणि त्यावरून कोणत्या पत्रिका काढायच्या ते. त्याचं सॉफ्टवेअरही खुलं. फक्त पत्रिका काढून पाहण्याच्या पद्धतीत, चुकीचा निकाल निसटण्याची शक्यता १० टक्क्यांच्या आत ठेवायची तर दोघांतला फरक २० टक्के असताना सरासरी १२० पत्रिका पुरतात, १० टक्क्यांना साधारण ४७०, २ टक्क्यांना ११,५०० च्या आसपास. आपल्याकडे मात्र फरक कितीही असो, विधानसभा क्षेत्रामागे पाच केंद्रांच्याच व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. छोट्या गावात फरक दोन टक्क्यांवर आला, तर नमुन्याच्या भानगडीत न पडता सगळा गठ्ठा हातानेच मोजावा.