पार्क स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाला: कोलकात्यातली जुनी दफनभूमी

पार्क स्ट्रीटच्या चौरंगीकडच्या टोकाला एशियाटिक सोसायटी आहे आणि दुसऱ्या टोकाजवळ तिचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांची कबर. मधलं अंतर दीडेक किलोमीटर. पार्क स्ट्रीट मेट्रोला उतरून ते चालतच जा. या रस्त्याला पूर्वी बरियल ग्राउंड रोड म्हणत, कारण इंग्रजांच्या प्रेतयात्रा इथूनच जायच्या. मल्लिकबाजारचा चौक यायच्या आधी उजव्या हाताला फाटक दिसतं.

साऊथ पार्क स्ट्रीट सिमेट्री १७६७ साली सुरू झाली. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा, घाबरलेल्या कोलकात्याने शहराभोवती ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खणायला घेतला होता. तो अर्धवटच राहिला. पुढे तो बुजवून त्या रेषेवर सर्क्युलर रोड झाला. मल्लिकबाजारला पार्क स्ट्रीटला छेद देणारा आचार्य जगदीशचंद्र बोस रोड तो हाच. बंगालीत ‘बर्गी’ म्हणून आपली आठवण अजून आहे, हे मनात ठेवूनच मी फाटकातून आत गेलो.

आत शिरल्यावर आपण स्मशानात आहोत असं वाटत नाही. ग्रीक खांबांचे मंडप, घुमट, पिरॅमिड, ओबेलिस्क म्हणजे वर निमुळते होत जाणारे चौकोनी स्तंभ, सगळं दाटीवाटीने उभं आहे. बहुतेक बांधकाम विटांचं, वर चुन्याचा गिलावा. त्यामुळे बंगालच्या पावसात शेवाळ धरतं आणि भेगांत पिंपळ रुजतो.

जोन्स यांचा ओबेलिस्क उंच आहे, शोधावा लागत नाही. हे न्यायाधीश म्हणून आले, संस्कृत शिकले, १७८४ मध्ये सोसायटी काढली, १७८९ मध्ये शाकुंतलाचा इंग्रजी अनुवाद छापला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे त्यांनी १७८६ च्या भाषणात मांडलं. १७९४ मध्ये गेले, तेव्हा वय ४७. नीच आणि अन्यायी सोडून कुणालाही आपल्याहून खालचा मानला नाही, अशा आशयाचा मृत्युलेख त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. संस्कृतचं थोडंही वाचन झालेल्या माणसाने इथे यायलाच हवं.

मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट हे आयरिश. रोज गंगास्नान करायचे, मूर्ती जमवायचे. लोक त्यांना ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणत. १८२८ मध्ये गेले. त्यांची कबर देवळाच्या घाटाची आहे, चुकवू नका. हिंदू कॉलेजातले तरुण शिक्षक आणि कवी हेन्री डेरोझिओ इथेच आहेत. ‘यंग बंगाल’ म्हणून ओळखली जाणारी सुधारणावादी तरुणांची पिढी ज्यांनी घडवली ते २२ व्या वर्षी, १८३१ मध्ये, कॉलऱ्याने गेले. शिबपूरच्या वनस्पती उद्यानाचे संस्थापक रॉबर्ट किड यांचीही कबर आहे.

इथे पुरलेली रोझ एलमर गेली तेव्हा वीस वर्षांची होती. तिच्यावर वॉल्टर सॅव्हेज लँडर या कवीने केलेल्या ओळी कबरीवर कोरल्या आहेत. चार्ल्स डिकन्सने आपल्या मुलाचं नाव याच कवीवरून वॉल्टर लँडर ठेवलं, आणि तो मुलगाही १८६३ च्या शेवटच्या दिवशी कोलकात्यातच वारला, २२ वर्षांचा. त्याची शिळा भवानीपूरच्या दफनभूमीतून १९८७ मध्ये इथे आणली.

म्हणून माझा आग्रह आहे की प्रसिद्ध नावं झाली की बाकीच्या पाट्यांवरची वयं वाचा. पंचवीस, एकोणीस, बाळंतपणात गेलेली आई, काही महिन्यांचं मूल. ‘माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं’ ही म्हण सतराव्या शतकातल्या मुंबईच्या इंग्रजांत होती. तिचा अर्थ मला इथे समजला. राज्य करायला आलेल्यांची ही बाजू आपल्या शाळेच्या पुस्तकांत कधी आली नाही, आणि ती माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता कामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात फरशा निसरड्या होतात. सकाळीच जा. वेळा आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या. तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे पडू शकतात. डासांचं मलम, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट हवेतच. दोन तास तरी काढा. चौथऱ्यांवर चढू नका, गिलावा सुटलेला आहे. रस्त्यापलीकडची नॉर्थ पार्क स्ट्रीट दफनभूमी, जिथे कादंबरीकार थॅकरेचे वडील पुरले होते, ती विसाव्या शतकात पाडली गेली. तिकडे शोधत फिरू नका.

अंगात त्राण असेल तर चौकातून दक्षिणेला लोअर सर्क्युलर रोड दफनभूमी गाठा. तिथे बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त आहेत, शांतिनिकेतनशी जोडले गेलेले सी. एफ. अँड्र्यूज आहेत आणि मुलींची शाळा काढणारे बेथून आहेत. मधुसूदनांची कबर विचारली की तिथली माणसं लगेच दाखवतात. दोन्ही एका सकाळीत होतात, मात्र आधी साऊथ पार्क स्ट्रीट करा. ऊन चढल्यावर तिथल्या पुसट पाट्या वाचणं अवघड जातं.